वहिनी काय म्हणतात?

"मासे मिळतात का हो इथे?"

बाईंनी अगदी सरळ मनाने विचारलं होतं. आम्ही साताऱ्याबाहेरच्या एका टेकडीच्या माथ्यावर होतो आणि सगळ्यांत जवळचं पाणी त्यांच्या हातातल्या बाटलीत होतं. पण माझ्यासमोर दगडांत रोवलेली, दोन पुरुष उंचीची गळाची काठी उभी होती. तेव्हा चूक त्यांची म्हणता येत नव्हती.

"पहाटे मिळतात," मी म्हणालो. "आता ऊन चढलं, खाली जातात."

"अस्सं," म्हणून बाई चालू लागल्या. वळणावर थांबून त्यांनी एकदा आभाळाकडे पाहिलं, तेवढंच.

त्या काठीच्या टोकाला मासा नव्हता, तांब्याची तार होती. तार माझ्या पुढ्यातल्या जेवणाच्या डब्याएवढ्या यंत्रात जात होती आणि यंत्र स्कूटरच्या बॅटरीवर चालत होतं. याला हॅम रेडिओ म्हणतात. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा आणि मग आपल्यासारख्याच दुसऱ्या परवानेवाल्याशी दूरवर बोलायचं. काय बोलायचं, तर तुमचा आवाज कसा येतोय ते एकमेकांना सांगायचं. आवाज उत्तम येत असेल तर पुढे काय बोलावं ते पुष्कळांना सुचत नाही.

मी साखर कारखान्यातून केमिस्ट म्हणून निवृत्त झालो आणि साताऱ्यात फ्लॅट घेतला, तेव्हा हे सगळं गच्चीवरून करायचा विचार होता. सोसायटीने नकार दिला. माझ्या तारेने तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं डोकं दुखतं, असं कारण होतं. तार मी लावली नव्हती, नुसता अर्ज केला होता, तरी दुखत होतं. म्हणून टेकडी. दर रविवारी सकाळी पाठीवर पिशवी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात दोन घडीची स्टुलं.

टेकडीवर माणसं फिरायला येतात आणि फिरून झालं की त्यांना प्रश्न पडतात. मोबाइलचा टॉवर बसवताय का? भूकंप कळतो का यात? वारा मोजता का? एकाला मी हो म्हणालो, वारा मोजतो. पुढच्या रविवारी तो आपल्या गल्लीत वारा येत नाही अशी तक्रार घेऊन आला. सफारीतल्या एका गृहस्थांनी तर मला कायमचं गप्प केलं.

"कुठपर्यंत लागतो हा तुमचा रेडिओ?"

"धारवाड लागतं दर रविवारी."

"धारवाड मोबाइलवरून लागतं की."

"लागतं."

"मग?"



धारवाडला हेब्बाळकर होते. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. वीस वर्षांच्या ओळखीत मी त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं. टेलिफोन कानाला लावला की त्यांना काही ऐकू येत नसे आणि हेडफोन लावला की तीनशे किलोमीटरवरची कुजबुज ऐकू येई. त्यामुळे आमचं सगळं बोलणं हवेतून, रविवारी, तासभर. अलीकडे आठवड्यात मला माझा आवाज ऐकू येई तो बहुतेक तेवढाच. बाकीचे दिवस दूधवाला पिशवी दाराला अडकवून जायचा आणि टीव्हीला मी काही म्हणत नसे.

या रेडिओचे दोन नियम सांगितले पाहिजेत. एक म्हणजे बटण दाबून ठेवलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं, आणि 'ओव्हर' म्हटलं की पाळी समोरच्याची. समोरचा बोलत असताना त्याला मध्येच थांबवता येत नाही. लग्नात ही सोय हवी होती, असं माझ्या बायकोचं, इंदूचं, म्हणणं. दुसरा नियम असा की परवाना नसलेल्याने माइकवर बोलायचं नाही. इंदूने परीक्षा दिली नाही. "बोलायची परीक्षा मी देणार नाही," म्हणाली, "तुमची घ्यायची तर घ्या." तेव्हा पद्धत अशी पडली की हेब्बाळकर विचारणार, "वहिनी काय म्हणतात?" ती शेजारच्या स्टुलावरून काहीतरी म्हणणार आणि मी बटण दाबून सांगणार, "ती म्हणतेय की...". बरेचदा ती म्हणे ते थोडं पाणी घालून पाठवावं लागे. तिचा आवाज हेब्बाळकरांनी कधी ऐकला नव्हता, पण तिच्याशी त्यांचं माझ्यापेक्षा बरं जमत असे.

टेकडीच्या पलीकडच्या अंगाला हास्यक्लब भरे. पंधरावीस माणसं गोल उभी राहून, ठरवून, काहीही कारण नसताना हसत. प्रमुख होते निवृत्त प्राचार्य गंधे. मोठ्याने हसताना त्यांची नजर गोलावरून फिरत असे. कोण कमी हसतंय ते त्यांना लगेच कळे. एकदा ते मुद्दाम वाट वाकडी करून माझ्याकडे आले.

"कुणाशी बोलता तुम्ही रोज?"

"रोज नाही, रविवारी."

"कुणाशी?"

"ते सांगायची परवानगी नाही."

"कुणाची परवानगी?"

"तेही सांगता येत नाही."

आता हा विनोद होता. पण ज्याने हसण्याचं वेळापत्रक केलेलं असतं, त्याला मध्येच विनोद करू नये. शिवाय त्या हिवाळ्यात गावोगावी फलक लागले होते की संशयास्पद माणूस दिसल्यास कळवा. फलकावर काढलेल्या माणसाच्याही पाठीवर पिशवी होती.

पुढच्याच रविवारी मी काठी उभी केली, तार ताणली, थर्मास शेजारच्या स्टुलावर ठेवला आणि हेडफोन लावणार, तोच पायवाटेने गंधे वर आले. त्यांच्यामागे एक हवालदार होते, वयाने पोक्त, पोटाने त्याहून. छातीवरच्या पट्टीवर खरमाटे असं नाव होतं. चढण चढून आल्यामुळे थोडा वेळ त्यांना सरकारी काहीच बोलता आलं नाही.

"हेच का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हेच," गंधे म्हणाले.

"काका, काय चाललंय हे?"

"रेडिओ आहे."

"गाणी लागत्यात का?"

"नाही. यावर मी बोलतो."

"कुणाशी?"

या वेळी मी सरळ उत्तर दिलं. "धारवाडच्या एका गृहस्थांशी."

"काय बोलता?"

"हवामान. गुडघे."

"गुडघे म्हणजे काय ते विचारा," गंधे म्हणाले.

हवालदारांनी आपला गुडघा चोळला. त्यांना तो शब्द कळत होता. मी पाकिटातून परवान्याची प्लास्टिकमध्ये घातलेली प्रत काढून दिली. ती इंग्रजीत होती, शिक्का दिल्लीचा होता आणि फोटो पंचवीस वर्षांपूर्वीचा.

"ह्यात केस काळे हायत," हवालदार म्हणाले.

"तेव्हा होते."

"मिशा बी हायत."

"त्याही होत्या."

"अशा झेरॉक्स कुठेही मिळतात," गंधे म्हणाले.

"सर, जरा दम धरा." हवालदारांनी प्रत उलटी करून मागची कोरी बाजूही वाचली. "काका, हितं तुम्हाला ओळखणारं कोण हाय? शेजारचं कोणी? एक माणूस बोलवा. तो म्हणाला की हे आमचे काका, मग विषयच संपला."

सोपं होतं. मी मनातल्या मनात जिना उतरत गेलो. समोरचा फ्लॅट बंद. खालचे नवे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई. दूधवाल्याने मला कधी पाहिलं नव्हतं, त्याची माझ्या कडीशी ओळख होती.

"तसं कोणी नाही," मी म्हणालो.

"घरी कोण असतं?"

"मी."

"मिसेस?"

"वारली. दोन वर्षं झाली."

"पोरंबाळं?"

"एक मुलगा आहे. मेलबर्नला."

"परदेशात," गंधे हळूच म्हणाले, म्हणजे हवालदारांना ऐकू जाईल इतपत हळू.

हवालदारांनी टोपी काढून डोकं पुसलं. "काका, खरं सांगू का, तुम्ही मला तसले वाटत न्हाई. पण सरांनी लेखी दिलंय. आता मोकळ्या हातानं खाली गेलो तर साहेब मला इचारणार. यंत्र ठाण्यात ठेवावं लागंल. साहेब पुण्याला धाडतील तपासायला. मग येईल माघारी."

"किती दिवसांनी?"

त्यांनी आभाळाकडे पाहिलं, मागे त्या मासे विचारणाऱ्या बाईंनी पाहिलं होतं तसंच.

ठाण्यात ठेवलेली माझी एक सायकल मला आठवली. मी तरुण होतो, ती हरवली होती, आणि ती सापडल्याचं मला कळवण्यातही आलं होतं. त्यापुढे काही नाही. यंत्र गेलं असतं तर रविवार गेला असता. माझं वय लक्षात घेता, कायमचा.

"एक करता येईल," मी म्हणालो. "हे गृहस्थ आता हवेत आले असतील. मी त्यांना विचारतो. ते सांगतील मी कोण ते. तुम्ही इथेच ऐका."

"हेडफोन काढून," गंधे म्हणाले. "मोठ्या आवाजात."

मी हेडफोन काढला. नाव घेऊन हाक मारली आणि बटण सोडलं. खरखर आली, आणि खरखरीतून नेहमीचा तो घोगरा, आनंदी आवाज वर आला.

"या शेजवलकर, या. आज उशीर केलात. आवाज मस्त येतोय बघा. ओव्हर."

हवालदार उकिडवे बसले. यंत्रातून माणूस निघाल्यावर त्यांचा चेहराच बदलला. मी बटण दाबलं. "हेब्बाळकर, माझ्याजवळ आज हवालदारसाहेब आले आहेत. तुम्ही मला ओळखता का, आणि मी माणूस कसा आहे, एवढंच त्यांना सांगा. मोजकं सांगा. ओव्हर."

मोजकं या शब्दावर मी जोर दिला होता. पण चाळीस वर्षं वर्गात बोललेल्या माणसाला बटण दाबून ठेवता येतं तेव्हा काय होतं, ते मला ठाऊक असायला हवं होतं.

"हवालदारसाहेब, नमस्कार. ओळखतो का म्हणजे काय हो, वीस वर्षं झाली की. माणूस सज्जन. जीभ जरा तिरकी, तेवढं सोडून द्या. पण मी म्हणतो, मला कशाला विचारताय इतक्या लांब? वहिनींना विचारा की. शेजारीच बसल्या असतील स्टुलावर."

मी बटण दाबलं. उपयोग नव्हता. त्यांचं बोलणं संपेपर्यंत माझं बोलणं कुठेच पोचत नव्हतं.

"लाख बाई आहे. आत्ता गेल्या रविवारी मी म्हटलं, पित्तानं हैराण झालोय, तर लगेच म्हणाल्या, धणे रात्री भिजत घाला, सकाळी ते पाणी प्या, आणि लोणच्याची बरणी बायकोला वरच्या फळीवर ठेवायला सांगा. काय आराम पडला म्हणून सांगू. वहिनी, ऐकताय ना? धणे लागू पडले बरं का. ओव्हर."

खरखर सुरू झाली. हवालदारांनी शेजारच्या स्टुलाकडे पाहिलं. तिथे थर्मास होता.

"दोन वर्षांपूर्वी वारलेल्या बाईंनी," गंधे सावकाश म्हणाले, "गेल्या रविवारी पित्तावर औषध सांगितलं. हवालदार, ही सांकेतिक भाषा आहे. धणे म्हणजे काहीतरी आहे. वरची फळी म्हणजेही काहीतरी आहे."

"सर, गप बसा," हवालदार म्हणाले. मग माझ्याकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "काका, मिसेस वारल्या म्हणालात न्हवं?"

"हो."

"मग धणे कुणी सांगितले?"

"मी."

"त्यास्नी म्हाईत न्हाई?"

"नाही. सांगायचं राहून गेलं."

"दोन वर्षं?"

"रविवारीच गाठ पडते," मी म्हणालो.

खरं तर पहिल्याच रविवारी मी सांगायलाच टेकडीवर आलो होतो. तेराव्यानंतरचा रविवार होता. मुलगा परत गेला होता. मी काठी उभी केली, हाक मारली आणि मी तोंड उघडायच्या आत हेब्बाळकरांनी विचारलं, वहिनी काय म्हणतात? त्या दिवशी वारा फार होता, काठी वाकत होती. इंदू त्यावर काय म्हणाली असती ते मला शब्दाशब्दाने ठाऊक होतं. मी बटण दाबलं आणि तेच म्हटलं. हेब्बाळकर खूप हसले. खाली फ्लॅटमध्ये ती आठवडाभर नसायची. इथे तासभर असायची.

"सोपी परीक्षा आहे," गंधे म्हणाले. त्यांना आता विषय सापडला होता. "आत्ता, आमच्यासमोर, यांनी त्या गृहस्थांना खरं सांगावं. साथीदार असेल तर गडबडेल. मित्र असेल तर ते कळेलच."

हवालदार काही वेळ जमिनीवरचा खडा बोटाने फिरवत राहिले. "काका, सर म्हणत्यात ते मला पटत न्हाई. पण तसं झालं तर मला वर सांगायला काहीतरी राहील. न्हाईतर यंत्र न्यावं लागंल. माझा इलाज न्हाई."

"शेजवलकर?" यंत्र म्हणालं. "आहात ना? वहिनी? ओव्हर."

मी माइक हातात धरून बसलो. यंत्र देऊन टाकलं असतं तर इंदू पिशवीत बंद होऊन ठाण्यात गेली असती, जिवंतच, पण कुणाला ऐकू न येणारी. सांगितलं असतं तर याच टेकडीवर, या दोघांच्या देखत. दोन्हीकडून ती जाणार होती. एकीकडे निदान हेब्बाळकर राहत होते.

बटण दाबलं.

"हेब्बाळकर, इंदू वारली. दोन वर्षं झाली. मी सांगितलं नाही. ओव्हर."

यंत्रातून नुसती खरखर येत राहिली. पलीकडच्या उतारावर हास्यक्लबने प्रमुखांची वाट पाहून शेवटी आपलं आपण सुरू केलं होतं. आधी टाळ्या, मग हो हो हो, मग हा हा हा. वारा इकडचा होता, सगळं स्पष्ट येत होतं. गंधेंनी एकदा तिकडे मान वळवली आणि पुन्हा सरळ केली.

बऱ्याच वेळाने हेब्बाळकर आले. आवाज तोच होता, पण कुणीतरी त्याच्याखालची खुर्ची काढून घेतल्यासारखा.

"मग धणे? ओव्हर."

"मी सांगितले. ती हेच सांगायची. ओव्हर."

"आणि माझे नमस्कार? दर रविवारी त्यांना नमस्कार सांगायचो की मी, ते? ओव्हर."

"पोचवत होतो. ओव्हर."

पुन्हा खरखर. मग ते म्हणाले, "अरे..." वीस वर्षांत त्यांनी मला कधी अरे म्हटलं नव्हतं. "अरे, मग आठवडाभर बोलतोस कुणाशी रे तू? ओव्हर."

मी बटण दाबलं. धरून ठेवलं. काहीच न बोलता सोडलं. हवालदार दुसरीकडे पाहत होते. गंधे माझ्या बुटांकडे पाहत होते. हसण्याचे इतके प्रकार शिकवणाऱ्या त्या माणसाला त्या वेळी चेहऱ्याचं काय करावं ते समजत नव्हतं.

हवालदार गुडघ्यावर हात ठेवून उठले. परवान्याची प्रत त्यांनी शर्टाला पुसली आणि माझ्या हातात दिली. "झालं का सर समाधान?"

"मला कल्पना नव्हती," गंधे म्हणाले.

"कशी असंल," हवालदार म्हणाले. "तुम्ही तिकडं हसत हुता."

ते निघणार, तेवढ्यात यंत्र पुन्हा बोललं, आणि दोघंही जागच्या जागी थांबले.

"शेजवलकर, एक विचारतो. आता पुढल्या रविवारी मी काय करू? विचारू की नको? वहिनी काय म्हणतात ते. तुम्ही म्हणाल तसं. ओव्हर."

पुन्हा अहो-जाहो झालं होतं. मला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

"विचारत जा," मी म्हणालो. "उत्तर आलं नाही तर सिग्नल गेला असं समजा. ओव्हर."

"बरं," हेब्बाळकर म्हणाले.

ते दोघे पायवाटेने खाली उतरले. पुढे हवालदार आणि बऱ्याच अंतराने गंधे. गंधे हास्यक्लबाकडे वळले नाहीत.

यंत्र माझ्याकडेच राहिलं. त्यानंतर कुणी माझी तक्रार केली नाही. उलट टेकडीवर लोक मला जरा आदराने टाळू लागले. हेब्बाळकरांनी शब्द पाळला. दर रविवारी हवामान झालं, गुडघे झाले की ते विचारत, "वहिनी काय म्हणतात? ओव्हर." इंदू काय म्हणाली असती ते मला पहिल्यासारखंच शब्दाशब्दाने ठाऊक असे. मी बटण दाबत असे. पण आता ऐकणाऱ्याला कळत होतं की बोलणारा मीच आहे, आणि तोंडातून शब्द निघत नसे. थोडा वेळ तसंच धरून ठेवून मी बटण सोडून देई.

"सिग्नल गेला वाटतं," हेब्बाळकर म्हणत आणि दुसरा विषय काढत. ते होते तोवर एकाही रविवारी त्यांनी विचारायचं चुकवलं नाही, आणि सिग्नल गेला असं म्हणायचंही.

सिग्नल उत्तम असे.